घाट, थंडी, वादळ आणि रात्रीचा प्लग: इलेक्ट्रिक गाडीतून लांबचा प्रवास

इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून भेटेल तो दोन प्रश्न विचारतो. परवडते का, आणि वाटेत बॅटरी संपली तर काय करता? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्याचं नव्हतं, कारण गाडी शहराबाहेर फारशी गेलीच नव्हती. रात्री प्लग लावायचा, सकाळी काढायचा आणि कामाला निघायचं, एवढंच चाललं होतं. यंदा आईला समुद्र बघायचा होता, तेव्हा याच गाडीने जायचं ठरवलं. रस्ताही मुद्दाम लांबचा धरला: आधी सपाट महामार्ग, मग घाट, वरचं थंड पठार आणि तिथून खाली किनारा. बरोबर नवरा आणि आई.

मुक्कामाच्या ठिकाणी फोन करताना मी खोलीचं नंतर विचारलं. आधी विचारलं, गाडी रात्री जिथे उभी राहील तिथे जाड पिनचा प्लग आहे का? लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाने हेच आधी विचारावं.

पहिला दिवस: महामार्ग

पहाटे 100 टक्के चार्ज घेऊन निघालो. रोज मी 80 टक्क्यांवरच थांबवते. माझ्या गाडीत निकेल-मँगनीज-कोबाल्टची, म्हणजे एनएमसी बॅटरी आहे आणि ती सतत काठोकाठ भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते. दुसरा प्रकार लोह-फॉस्फेटचा, एलएफपी. तिचं बरोबर उलट. अधूनमधून 100 टक्के करा म्हणून कंपन्याच सांगतात, नाहीतर गाडीला उरलेल्या चार्जचा नीट अंदाज येत नाही. गाडी घेताना यातली कुठली आहे ते जरूर विचारा. एलएफपी टिकते जास्त आणि स्वस्तही पडते, पण तेवढ्याच विजेसाठी वजन जास्त होतं आणि थंडीत ती जरा जास्तच मंदावते.

बॅटरी 60 युनिटची. वीजबिलावर असतं तेच युनिट, किलोवॅट-तास. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. म्हणजे माझी पूर्ण भरलेली बॅटरी सात लिटरपेक्षाही कमी पेट्रोलच्या बरोबरीची. तेवढ्यावर साडेतीनशे किलोमीटर जाता येतं, कारण मोटर त्यातली बहुतेक ऊर्जा चाकांपर्यंत पोचवते. पेट्रोलच्या इंजिनात तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. या गाडीचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे आणि तोटाही तिथूनच सुरू होतो. सोबत घेतलेली ऊर्जा मुळात थोडी असते, त्यामुळे वेग, वारा, चढ, थंडी असं काहीही झालं की लगेच जाणवतं.

महामार्गावर ते सकाळीच दिसलं. ताशी 100 च्या वेगाने जाताना 100 किलोमीटरला 16 युनिट लागत होते. नवऱ्याने गाडी हातात घेतली आणि काटा 120 वर नेला, तसा आकडा 20 झाला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 100 वरून 120 वर गेलात की तो 44 टक्क्यांनी वाढतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच होतं, पण तिथे टाकी मोठी आणि पंप जवळ, म्हणून कुणी बघत नाही. जाहिरातीतली रेंज, म्हणजे एका चार्जमधला पल्ला, ही चाचणीतली असते आणि त्या चाचणीत असा सलग वेग नसतो. शहरात, सिग्नलला थांबत थांबत ही गाडी जास्त पल्ला देते आणि मोकळ्या रस्त्यावर कमी, पेट्रोलच्या गाडीच्या बरोबर उलट. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याला याचाच धक्का बसतो.

दुपारी जेवायला थांबलो त्या ठिकाणी 60 किलोवॅटचा डीसी, म्हणजे फास्ट चार्जर होता, दोन गनचा. गन म्हणजे गाडीत खुपसायचं केबलचं टोक. एका गनला एक गाडी लागलेली होती आणि शेजारी खुर्ची टाकून एक निवृत्त काका बसले होते, हातात वही. आमची गन लागताच त्यांच्या गाडीचा चार्जिंगचा वेग निम्म्यावर आला. अशा चार्जरवर वीज दोघांत वाटली जाते. मी म्हटलं, "काका, तुमचं होऊ दे आधी, आम्ही जेवून येतो." ते म्हणाले, "नाही हो ताई, माझं 76 झालंय. 80 ला मी काढतोच. त्याच्या पुढे बसणं म्हणजे दुसऱ्याचा वेळ खाणं."

त्यांनी वही दाखवली. प्रत्येक थांब्याची नोंद, किती टक्क्यांपासून कितीपर्यंत, किती मिनिटं, थंडी की ऊन. एका पानावर एकाच चार्जरवरच्या दोन नोंदी होत्या: 10 ते 80 ला जेवढी मिनिटं, जवळजवळ तेवढीच 80 ते 100 ला. बॅटरी भरत आली की तिचं व्होल्टेज मर्यादेला टेकतं, मग गाडी स्वतःच करंट कमी कमी करत नेते. तिथे घाई केली तर सेल खराब होतात. काकांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं, वहीतून काढलेलं होतं. आमच्या मागे आलेल्या एका गाडीचा मालक मात्र पलीकडच्या दुसऱ्या चार्जरची गन लावून जेवायला गेला आणि 97 टक्के झाले तरी परत आला नाही. काकांच्या जिवाची घालमेल बघवत नव्हती.

एक टीप इथेच देते. 10 टक्क्यांपर्यंत उतरू द्या, 80 ला निघा, आणि पुढचा चार्जर ठरवताना त्याच्या पुढचाही एक बघून ठेवा. फास्ट चार्जिंग घरच्यापेक्षा महाग पडतं, बहुतेक ठिकाणी बरंच महाग. फक्त त्याच्याच भरवशावर राहिलात तर पेट्रोलच्या तुलनेतली बचत अगदी थोडी उरते.

दुसरा दिवस: घाट चढताना

घाटाच्या पायथ्याशी 64 टक्के होते. वर पोचलो तेव्हा 46. अंतर जेमतेम 30 किलोमीटर, उंची हजार मीटर. आई मागून म्हणाली, "अगं, हे काय, एवढ्यात एवढं उतरलं?" हिशेब सोपा आहे. आम्ही तिघं, सामान आणि गाडी मिळून सुमारे दोन टन. दोन टन वजन हजार मीटर वर न्यायला साडेपाच युनिट लागतात, त्यातून सुटका नाही. एरवी रस्त्याला लागणारी वीज वेगळी. यातली काही उतरताना परत मिळते, पण सगळी नाही.

चढताना मात्र गाडीने जे सुख दिलं ते पेट्रोलच्या गाडीत मी कधी अनुभवलं नाही. गिअर नाही, इंजिनाचा आक्रोश नाही, वळणावर ट्रकच्या मागे अडकून पुन्हा निघायचं तरी पायाखाली ताकद तयार. काच खाली केली की झाडांतले पक्षी ऐकू येत होते.

आईला मात्र त्रास झाला. गाडीचं रीजन, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनित्र होऊन गाडीचा वेग कमी करते ते, मी सर्वांत जोरात ठेवलं होतं. मागे बसलेल्याला प्रत्येक वळणाआधी एक ओढ जाणवते आणि इंजिनाचा आवाज नसल्यामुळे ती कधी येणार हे आधी कळत नाही. आईचा चेहरा उतरला तशी गाडी कडेला घेतली, रीजन सर्वांत कमी केलं आणि तिला पुढे बसवलं. दहा मिनिटांत ती गप्पा मारायला लागली. घरात कुणाला गाडी लागत असेल तर टेस्ट ड्राइव्हला त्यांना घेऊन जा आणि मागच्या सीटवर बसवा. विक्रेता हे सुचवत नाही.

वरच्या मुक्कामी संध्याकाळी पोचलो. मालकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे पडवीत जाड पिनचा प्लग होता. केबल लावली आणि चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला. प्लगला वीज होती, इस्त्री चालत होती, पण अर्थिंग नव्हतं. इस्त्री त्याशिवायही चालते, गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि नसेल तर एक युनिटही घेत नाही. ते बरोबरच आहे. रात्रभर 13-14 अँपिअर ओढायचे तर कुठे गळती झाली की बाहेरून गाडीला हात लावणाऱ्याच्या जिवाशी गाठ.

मालक खजील झाले. त्यांनी गावातल्या वायरमन दादांना बोलावलं. ते टॉर्च घेऊन आले, बोर्ड उघडला, हिरवी वायर आतच कापून मागे सरकवलेली निघाली. "बांधकामाच्या वेळी कुणी घाई केली असणार," म्हणाले. तासाभरात नवीन वायर टाकून मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला जोडली, खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, मग परत येऊन आम्हाला केबल लावायला सांगितली. दिवा हिरवा झाला. दादांनी प्लगवर पालथा हात ठेवून बघितला आणि म्हणाले, "ताई, एक तासाने परत असा हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद करा." इलेक्ट्रिक गाडीवाल्याला मिळालेला याहून चांगला सल्ला मला आठवत नाही. जुनं सॉकेट तासन् तास पूर्ण भार घेऊन तापतं आणि आगी तिथून लागतात. सॉकेट जड भाराचं हवं, लाइन स्वतंत्र हवी, मध्ये एक्स्टेन्शन बोर्ड नको.

अशा प्लगवरून तासाला साधारण 3 युनिट मिळतात. रात्रीच्या दहा तासांत 30, म्हणजे अर्धी बॅटरी. आम्ही झोपलो होतो, म्हणून तो वेळ आमचा गेलाच नाही.

तिसरा दिवस: पठारावरची थंडी

पहाटे तापमान एक-दोन अंशांवर होतं, गवतावर दव गोठलेलं. गाडीने सांगितलेली रेंज तेवढ्याच चार्जला एरवी दिसते त्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी. रीजनच्या जागी सूचना: बॅटरी थंड आहे. थंडीत सेलमधल्या रासायनिक क्रिया मंदावतात आणि अशा वेळी जोरात वीज आत ढकलली तर लिथिअम सेलमधल्या ग्राफाइटच्या आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं. त्याने बॅटरीचं कायमचं नुकसान होतं, म्हणून गाडीच आवर घालते. फास्ट चार्जरवरसुद्धा थंड बॅटरी अर्ध्या वेगाने चार्ज होते. ज्या गाड्यांत चार्जर गाठण्याआधी बॅटरी तापवून ठेवायची सोय आहे, त्यांनी ती थंड प्रदेशात नक्की वापरावी.

आतल्या गरमीचाही खर्च आहे. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते, इथे वाया जाणारी उष्णता फारशी नसतेच. हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र, असलेल्या गाडीला यात कमी वीज लागते, माझ्या गाडीत तो नाही. त्यावर उपाय सोपा: केबल लावलेली असतानाच गाडी आतून गरम करून घ्यायची आणि मग सीट हीटरवर भागवायचं. आईला गरम सीट इतकी आवडली की ती दिवसभर गाडीतून उतरायलाच तयार नव्हती.

त्याच मुक्कामात एक रसायनशास्त्राच्या प्राध्यापक बाई उतरल्या होत्या, त्यांचीही गाडी इलेक्ट्रिक. सकाळी ती उघडेचना. मोठी बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली, पण दारं, स्क्रीन, आतले रिले म्हणजे विजेवर चालणारे स्विच, हे सगळं चालवणारी 12 व्होल्टची छोटी बॅटरी थंडीने बसली होती. ती बसली की मोठ्या बॅटरीतली वीज असून नसल्यासारखी. मालकांच्या पेट्रोल गाडीवरून जंप दिल्यावर, म्हणजे तिच्या बॅटरीला वायर जोडून वीज दिल्यावर, गाडी जागी झाली. आमच्या गाडीवरून का दिला नाही असं बाईंनी विचारलं. आमच्या मॅन्युअलमध्ये दुसऱ्या गाडीला जंप देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय. तीन-चार वर्षं झाली की ही छोटी बॅटरी तपासून घ्या, बिघाड व्हायची वाट बघू नका.

बाईंशी मग दुपारपर्यंत उन्हात बसून बोलत राहिलो. 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल लिथिअम-आयन बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळालं, ते त्या वर्गात शिकवतात. गुडइनफ तेव्हा 97 वर्षांचे होते, हे सांगताना त्यांचे डोळे चमकले. पण त्या कौतुकावर थांबल्या नाहीत. जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोमधून येतं, तिथल्या खाणींत लहान मुलंही राबताना सापडली आहेत. बॅटरी बनवायलाच इतकी ऊर्जा लागते की नवी इलेक्ट्रिक गाडी शोरूममधून निघते ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त कार्बनचं ओझं घेऊन. ते ओझं चालवता चालवता फिटतं. किती लवकर, हे तुमच्याकडची वीज कशातून तयार होते त्यावर ठरतं. कोळशाची वीज असेल तर बराच काळ लागतो, पाणी, वारा, ऊन यातली असेल तर लवकर. "गाडी कमी चालवणार असाल तर नवी घेऊच नका, कुठलीच," त्या म्हणाल्या. मला पटलं. वर्षातून चार वेळा बाहेर काढायला ही गाडी घेण्यात अर्थ नाही, पैशाच्या हिशेबानेही नाही. खरेदीला जास्त पैसे जातात ते रोजच्या फिरण्यातूनच वसूल होतात.

चौथा दिवस: उतार आणि किनारा

रात्री चार्जिंग 80 वर थांबवलं होतं, तेही उताराच्या विचाराने. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर रीजनची वीज ठेवायला जागा नसते आणि सगळा उतार नेहमीच्या ब्रेकवर काढावा लागतो. डोंगरमाथ्यावर मुक्काम असेल तर हे लक्षात ठेवा.

पठारावरून कडेला येईपर्यंत 66 झाले होते. घाट उतरून खाली आलो तेव्हा 69. ब्रेकला पाय जवळजवळ लागलाच नाही. समोरची एक गाडी ब्रेक तापल्याच्या वासासकट कडेला उभी होती. ब्रेक न वापरल्याने पॅड वर्षानुवर्षं टिकतात, पण त्याच कारणाने डिस्कवर गंज धरतो, विशेषतः खाऱ्या हवेत. म्हणून मी मोकळ्या रस्त्यावर अधूनमधून गाडी न्यूट्रलला टाकून ब्रेक दाबून घेते.

समुद्र दिसला तेव्हा आईने माझा दंड धरला. ती काही बोलली नाही, आम्हीही थांबून राहिलो.

संध्याकाळी पोचलो तोवर आभाळ भरून आलं होतं. मुक्कामाच्या मालकीणबाई, सगळे त्यांना काकू म्हणत होते, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पावसात लावलीत तर शॉक नाही ना बसणार?" बसत नाही. गन नीट बसली, गाडी आणि चार्जर यांचं एकमेकांशी बोलणं झालं, की मगच वीज सोडली जाते. बॅटरीची पेटीही पाणी शिरू नये अशी बंद केलेली असते. तरी साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये आणि चार्जरची डबी जमिनीवर लोळत ठेवू नये. हे सगळं काकूंना सांगून होईतो वीज गेली. लांब कुठेतरी झाड तारांवर पडलं होतं.

आता चार्जिंग नाही. स्क्रीनवर 45 टक्के. गाडीचा हा खरा तोटा आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. वीज गेली की पेट्रोलची टाकी कॅनमधून तरी भरता येते, इथे थांबावंच लागतं.

पण या गाडीतून वीज बाहेरही घेता येते, त्याला व्ही टू एल (व्हेइकल टू लोड) म्हणतात. घरात ती कधी वापरली नव्हती. नवऱ्याने पावसात छत्री धरली, मी चार्जिंगच्या जागी अ‍ॅडॉप्टर लावला आणि तिथून वायर काकूंच्या स्वयंपाकघरात नेली. फ्रिज सुरू झाला, दोन दिवे लागले, मग शेजारच्या घरातल्या आजोबांचं वाफ घ्यायचं यंत्र आलं, मग सगळ्यांचे मोबाइल. आजोबांच्या सुनेने तीनदा विचारलं, "तुमची गाडी अडकणार नाही ना?" मी तिला आकडा दाखवला. फ्रिज आणि दिवे मिळून तासाला पाव युनिटसुद्धा घेत नव्हते. रात्री दहा-बारा माणसं त्या एका स्वयंपाकघरात बसून जेवली. सकाळपर्यंत बॅटरी फक्त पाच टक्के उतरली. घेताना या सोयीसाठी मी जास्त पैसे मोजायला नाखूश होते. आता विचारणाऱ्याला सांगते, असेल तर घ्या.

पाचवा दिवस: बंद पडलेला चार्जर

सकाळी 40 टक्के, वीज अजून नाही. 90 किलोमीटरवर फास्ट चार्जर होता, अ‍ॅपवर हिरवा दिसत होता. पोचलो तेव्हा 17 टक्के आणि चार्जरच्या पडद्यावर फक्त रेषा. हेल्पलाइनवरच्या मुलीने लांबूनच तो दोनदा बंद-चालू करून बघितला, उपयोग झाला नाही. अ‍ॅपवर तो तेव्हाही हिरवाच. इलेक्ट्रिक गाडी बाळगण्यातलं मला सर्वांत खटकणारं हेच आहे. चार्जर कमी आहेत हे एक वेळ समजून घेता येतं, पण असलेला चार्जर चालू आहे की नाही हे खात्रीने कळू नये हे मान्य होण्यासारखं नाही. शेवटच्या यशस्वी चार्जिंगची वेळ दाखवणारी अ‍ॅप असतात, त्यांवरच विसंबा. हिरव्या ठिपक्यावर नको.

तिथेच एक टॅक्सीवाले दादा आले, त्यांचीही गाडी इलेक्ट्रिक. पडद्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "पाऊस झाला की हा दोन दिवस झोपतो. माझ्या मागे या, 30 किलोमीटर. एसी बंद करा आणि 60 च्या वर जाऊ नका." तसंच केलं. 17 चे 11 झाले, हिशेबाने बरोबर. वाटेत आईला धीर द्यायला मी तिला बेर्टा बेंझची गोष्ट सांगितली. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याने बनवलेल्या पेट्रोल गाडीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फॉर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटर, आणि पंप नावाची गोष्ट जगात नव्हती. इंधन संपलं तेव्हा तिने विस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन, म्हणजे पेट्रोलसारखं एक द्रव, विकत घेतलं. आई म्हणाली, "मग आपल्याला तर दादा आहेत."

दुसरा चार्जर चालू होता. दोन्ही गाड्या लागल्या आणि दादांशी निवांत बोलणं झालं. त्यांचं सगळं या गाडीवर. तेल बदलणं नाही, क्लच नाही, दुरुस्ती जवळपास शून्य, दिवसाला पाहिजे तेवढं फिरता येतं. पण राहतात भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर. गाडी रस्त्यावर उभी, प्लग नाही. प्रत्येक युनिट फास्ट चार्जरचं, महागाचं, आणि रोज तासभर असं उभं राहायचं. "ताई, तुमची आणि माझी गाडी एकच. तुमची घरी झोपेत भरते, माझी माझ्या धंद्याच्या वेळात," ते म्हणाले.

इतके दिवस मी फायदे-तोटे गाडीत शोधत होते. त्या वाक्याने ते गाडीच्या बाहेर, गाडी रात्री जिथे उभी राहते त्या जागेत आहेत हे लख्ख दिसलं. तिथे स्वतःचा प्लग असेल आणि रोजचं जाणंयेणं बऱ्यापैकी असेल तर मी कुणालाही बेलाशक घ्या म्हणेन. प्लग नसेल तर आधी प्लगची व्यवस्था करा, मालकाशी किंवा सोसायटीशी भांडून करा, पण गाडीच्या आधी करा. ज्यांना भाड्याने राहावं लागतं त्यांना हा हक्क कायद्यानेच मिळायला हवा, नाहीतर स्वस्त वीज फक्त घरमालकांच्या वाट्याला येईल. दादांसारख्या माणसाला, ज्याची गाडी सर्वांत जास्त धावते, तिचा लाभ सर्वांत कमी मिळावा हे अन्यायाचं आहे.

दादांना मी खोलीमालकाकडे मागायच्या गोष्टी लिहून दिल्या: स्वतंत्र मीटर, स्वतंत्र लाइन, अर्थिंग, जड भाराचं सॉकेट, गळती ओळखून बंद होणारा स्विच. त्यांनी कागद घडी करून गाडीच्या कागदपत्रांत ठेवला.

सहावा दिवस: परत

परतीचा रस्ता सरळ महामार्गाचा. वारा समोरून होता, त्यामुळे 100 च्या वेगालाही 18 युनिट लागत होते. मध्ये दोन तास वाहतूक ठप्प होती. आई घाबरली, पण उभ्या गाडीत फक्त एसी चालतो आणि तो तासाला एक-दीड युनिट घेतो. दोन तासांत पाच टक्के गेले, धूर नाही की घरघर नाही. जेवणाच्या त्याच ठिकाणी थांबलो, वहीवाले काका अर्थातच नव्हते. चार्जर मात्र पूर्ण वेगाने चालला.

परत आल्यावर नवऱ्याने सगळा खर्च मांडला. रात्रीच्या प्लगवर भरलेली वीज खर्चात दिसेनाशी होती, मुक्कामवाल्यांना मीटर बघून पैसे दिले तरी. फास्ट चार्जिंगचा आकडा ठळक होता. बॅटरीची काळजी मी आता करत नाही, बहुतेक कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरपर्यंत क्षमता 70 टक्क्यांच्या खाली जाणार नाही अशी हमी देतात. काळजी आहे ती विकायच्या वेळची. दर दोन वर्षांनी नव्या गाड्यांची रेंज वाढते आणि जुनीची किंमत पडते, म्हणून मी ही गाडी विकायचा विचार न करता वापरते आहे.

नंतर टायर बघायला दिले. टायरवाल्या दादांनी गाडी वर उचलली, पुढच्या चाकांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि मला तिथे हात लावायला सांगितला. बाहेरची कड गुळगुळीत झालेली, मधली नक्षी अजून खोल. गाडीचं वजन जास्त आणि मोटरचा जोर पाय ठेवल्या क्षणी पूर्ण लागतो, टायर त्यात झिजतात. पुढचे मागे केले, हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणली. पुढच्या लांबच्या प्रवासाआधी दोन नवे लागतील, आणि घेताना जास्त भार सोसणारेच घ्या, असं त्यांनी बिलाच्या मागे आकड्यांसकट लिहून दिलं.